टाकीचा पहारेकरी

फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, पाण्याची टाकी आहे. ती भरत आली की काकांना मेसेज पाठवणारा चाळीसेक ओळींचा पायथन प्रोग्रॅम मी तिथल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या लिनक्स कॉम्प्युटरवर चढवला. पणजीहून एसएसएचने, म्हणजे दुरून टर्मिनल जोडून, सुरू केला, टर्मिनल बंद केलं आणि झोपलो. सकाळी काकांचा फोन: "बाबू, पोफळींच्या मुळांत तळं झालंय. तुझा पहारेकरी खंय गेला रे?"

पहारेकरी मी टर्मिनल मिटलं तेव्हाच गेला होता. टर्मिनल तुटलं की त्यातून सुरू झालेल्या प्रोग्रॅमला सिगहप मिळतो, सिग्नल क्रमांक 1. 'हप' म्हणजे हँग-अप; मोडेमचा फोन खाली ठेवायच्या काळातलं हे नाव. त्याची वेगळी सोय केली नसेल तर प्रोग्रॅम तिथेच संपतो.

एका रात्रीपुरतं काम असेल तर कमांडच्या आधी 'नोहप' आणि शेवटी '&' लावा. पण पावसात आमच्याकडे वीज जाते-येते, आणि रास्पबेरी पाय परत उठल्यावर नोहपवाल्या प्रोग्रॅमला उठवायला कोणी नसतं.

जुन्या पुस्तकांत प्रोग्रॅमचा डीमन, म्हणजे पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्रॅम, करायची रीत सापडेल: दोनदा फोर्क, मध्ये सेटसिड, वगैरे. सिस्टमडी (लिनक्समध्ये असे प्रोग्रॅम सुरू करणारा आणि सांभाळणारा) असेल तर त्या भानगडीत पडू नका. प्रोग्रॅम साधा, समोर चालणारा ठेवा. '/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम' मध्ये 'टाकी.सर्व्हिस' ही फाईल करा आणि तिच्यात एवढं लिहा (प्रत्यक्षात सगळं इंग्रजी अक्षरांत):

[सर्व्हिस]
युजर=पाय
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/बिन/पायथन3 -यू /होम/पाय/टाकी.पीवाय
रिस्टार्ट=ऑलवेज
रिस्टार्टसेक=10

[इन्स्टॉल]
वाँटेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट

पाथ पूर्ण द्या. तुमची बॅशआरसी (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाईल) इथे कोणी वाचत नाही. ते '-यू' विसरलात तर पायथन छापलेला मजकूर साठवून ठेवतो आणि लॉग तासन् तास कोरा दिसतो. मी एक अख्खी संध्याकाळ सेन्सरला शिव्या घातल्या होत्या.

रिस्टार्टसेकवर मात्र जरा थांबा. ते न लिहिल्यास मधली उसंत फक्त 100 मिलिसेकंदांची असते, आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी नाद सोडतो. सेन्सरची यूएसबी जागी व्हायला वेळ लागायची. तोवर पाचही प्रयत्न संपलेले. 10 लिहिल्यापासून ती कटकट गेली.

मग सुडोने (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड', आणि त्यानंतर 'सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ टाकी'. एनेबलशिवाय नुसतं स्टार्ट केलंत तर रीबूटनंतर पुन्हा तळं.

आता मुद्दाम मारून बघा: 'किल -9' द्या आणि 'जर्नलसीटीएल -यू टाकी -एफ' वर नजर ठेवा. दहा सेकंदांनी तो उठला पाहिजे. नंतर एकदा रीबूट करा. काका म्हणाले, प्लगच ओढतो. त्यांना आवरलं, तशाने एसडी कार्डाची वाट लागते.