क्लॅरिनेट खाली ठेवून बासरी उचलताना

कोल्हापुरात बासरी आणि क्लॅरिनेट, दोन्ही वाद्यांची ओढ लागणं साहजिक आहे. एकीकडे १८८३ पासूनचा देवल क्लब, ही इथली संगीतसंस्था, आणि तिथल्या मैफली, दुसरीकडे लग्नसराईत गल्लोगल्ली वाजणारे बँड. मी बासरी आधी शिकलो, क्लॅरिनेट बँडमध्ये गेल्यावर.

एकदा दोन तास वरात वाजवून तसाच भजनाला बासरी घेऊन बसलो. नुसती हवा! मंद्र सप्तक, म्हणजे खालचे सूर, तर लागेचना. घरी येऊन आरशात खालचा ओठ उलटून पाहिला, तर आतून दातांची ओळ उमटलेली.

क्लॅरिनेटला खालचा ओठ दातांवर गादीसारखा घ्यावा लागतो. त्यावर रीड, म्हणजे कंप पावणारी वेताची पातळ पट्टी, टेकते; वरचे दात माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर. बासरीत दातांचं कामच नाही. खालचा ओठ मोकळा राहून फुंकछिद्राचा पाव ते एक-तृतीयांश भाग झाकतो, आणि ओठांच्या बारीक फटीतून आलेली फुंक पलीकडच्या काठावर फुटते तेव्हा सूर लागतो. दबून सुजलेल्या ओठाला ती फट धरता येत नाही.

म्हणून क्लॅरिनेटवर चावायचं नाही. आवळायच्या त्या ओठांच्या दोन्ही कडा, जबडा नाही. हनुवटी सपाट. आपण चावतोय का, हे कळायला बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा नुसता माउथपीस काढून फुंका. पेटीच्या पांढरी एकचाच (इंग्रजी सी) सूर, वरच्या सप्तकातला, साधारण यायला हवा. चढा आला तर जबडा आवळलेला आहे. सुरुवातीला रीड २ किंवा २.५ नंबरचीच घ्या. कडक रीडला आवाज काढायच्या नादात चावायची सवय लागते, आणि ती सुटायला फार दिवस जातात. आपल्याकडच्या पावसाळ्यात रीड वाकडी होते, तेव्हाही माणूस नकळत जोर लावतो. ती पुसून सपाट डबीत ठेवा.

बोटांचा गोंधळ त्यामानाने लवकर मिटतो. बासरीत तीच बोटं ठेवून फुंक बदलली की सा चा तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, होतो. क्लॅरिनेटवर रजिस्टर की, म्हणजे डाव्या अंगठ्याची मागची कळ, दाबली की थेट तार पंचम. हे एकदा कानात बसलं की झालं.

रियाजाला मी आधी बासरी घेतो, पहाटे रंकाळ्यावर, अर्धा तास नुसते लांब सूर. क्लॅरिनेट मग घरी. शेवटची दहा मिनिटं फक्त अदलाबदलीची: क्लॅरिनेटवर एक सूर, वाद्य खाली, ओठ सैल सोडून फुर्र करायचं, आणि बासरीवर तोच सूर. पहिल्या फुंकेत लागला तरच धरायचा, नाहीतर पुन्हा. माझ्या मते ही दहा मिनिटं बाकी सगळ्या रियाजापेक्षा मोलाची आहेत, कारण कार्यक्रमात नेमकं हेच करावं लागतं.

मिरवणुकीनंतर बासरी वाजवायची वेळ आलीच, तर वीस मिनिटं ओठांना कुठलंच वाद्य लावत नाही. मग मध्य सप्तकातल्या पंचमापासून सुरुवात करतो. मंद्राला ओठ सर्वांत सैल लागतात, तिथे सगळ्यात शेवटी उतरतो.