आरएक्स १००च्या इंजिन कव्हरचे स्क्रू मरू नयेत म्हणून

जुन्या यामाहा आरएक्स १००चं क्लच कव्हर खोलताना स्टार स्क्रूच्या खाचा मरतात, मीपण दोन मारले, दोष जोराचा नाही स्क्रूड्रायव्हरचा आहे, कारण हे स्क्रू जेआयएस म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या मापाचे आणि आपला नेहमीचा फिलिप्स (अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसतच नाही, वर सरकतो. डोक्यावर बारीक टिंब दिसलं की जेआयएस समजायचं.

१. रात्री गंज सोडवणारा स्प्रे स्क्रूंवर मारून ठेवा
२. सकाळी जेआयएस ३ नंबर बिट (स्क्रूड्रायव्हरचं टोक) घ्या, २ नंबर डुलतो
३. सरळ धरून मागून हातोडीचे दोन-तीन टोले, मग दाबूनच फिरवा

फक्त जपून हाणा, कव्हर ॲल्युमिनियमचं आहे, तडा गेला की नवीन शोधत फिराल.