ऑनलाइन तासात ज्ञानरचनावाद: या चुका टाळा

ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल अनुभवातून आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार, म्हटलं की आपल्याला आठवतात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटातल्या (शाळांच्या गटातल्या) शाळा. रंगवलेली फरशी, हाताशी साहित्य, गटात गुंतलेली मुलं. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही शिक्षक हे सगळं मोबाइलवर आणायला निघालो. तेव्हा झालेल्या चुका आजही ऑनलाइन तासांना होताना दिसतात.

सगळ्यात महागात पडते ती ग्रुपवर उत्तर मागण्याची चूक. पाचवीच्या मुलांना मी विचारलं, १/३ मोठा की १/४? एकाने लिहिलं ‘१/४’, आणि बघता बघता खाली तेच उत्तर ओळीने येत गेलं. मी विचारलं, ‘का?’ सगळे गप्प. कोण काय विचार करतंय, याचा मला पत्ताच लागला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर माझ्या एकटीच्या नंबरवर मागवलं, तेही आवाजात, कारणासकट. एक मुलगी म्हणाली, “बाई, चार तिनापेक्षा मोठा ना, म्हणून.” चूक कुठे आहे ते आत्ता कळलं! लगेच बरोबर उत्तर सांगितलं नाही. घरच्या दोन सारख्या भाकऱ्या घ्यायला लावल्या. एकीचे तीन सारखे वाटे, दुसरीचे चार. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, “बाई, खाणारे वाढले की वाटा लहान होतो.” मग भाकरीशिवाय १/५ आणि १/८ विचारा, म्हणजे समज पक्की झाली का ते कळतं.

दुसरी चूक ‘मूल स्वतः शिकतं’ याचा अर्थ त्याला एकटं सोडणं असा घेण्याची. मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कींच्या निकट विकासक्षेत्राच्या कल्पनेत, म्हणजे मूल एकट्याने जे करू शकतं आणि मदतीने जे करू शकतं त्यांमधल्या अंतरात, जाणत्याची मदत धरलेलीच आहे. वुड, ब्रूनर आणि रॉस या संशोधकांनी १९७६ मध्ये अशा मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली: काम उभं राहीपर्यंत आधार, मग ती काढून घ्यायची. वर्गात पेन्सिल थांबलेली आपल्याला दिसते, बंद कॅमेऱ्यामागे दिसत नाही. म्हणून आठवड्याचा प्रकल्प एकदम देऊ नका. पहिल्या टप्प्याच्या कच्च्या कामाचा फोटो मागवा, तो पाहून एखादा प्रश्न विचारा आणि मगच पुढचा टप्पा द्या.

‘चर्चा करा’ एवढंच सांगून मुलांना गटात पाठवलं की एक बोलतो, बाकीचे ऐकतात. तिघांचा गट पुरे, आणि परत येताना हातात काहीतरी हवं: एक आकृती, नाहीतर मुलांनीच रचलेलं एक गणित.

चाचणीत फक्त बहुपर्यायी प्रश्न ठेवले तर मुलाचा विचार पुन्हा झाकला जातो. ‘हे कसं काढलंस?’ हा एक प्रश्न तरी असू द्या.

आणि सगळं थेट तासातच व्हायला हवं, हा हट्ट सोडा. कित्येक घरांत एकच फोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. आवाजातलं उत्तर पाठवायला दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत मुदत द्या. माझ्याकडे सगळ्यात विचार करून दिलेली उत्तरं रात्री नऊनंतरच यायची.