दारू सोडताना आधी शरीर, मग संध्याकाळ

मला दारू सोडून अकरा वर्षं झाली. त्याआधी चार वेळा सोडली होती, निव्वळ निश्चयाच्या जोरावर. पाचव्या वेळीही निश्चय तेवढाच होता. पण शरीर, झोप, जेवण आणि घरची माणसं या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष दिलं, ते त्या वेळी पहिल्यांदा.

रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नये. दारू मेंदूला सुस्त करते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू तिला तोंड द्यायला सतत ताणलेला राहायला शिकतो. दारू अचानक थांबली तरी तो ताण उतरत नाही. साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत काहींना भास होतात, आपण कुठे आहोत हेच कळत नाही, आणि ही अवस्था जिवावर बेतू शकते. चौथ्या खेपेला मला शर्टाचं बटण लावता येईना. पेला दोन्ही हातांनी धरला तरी पाणी छातीवर सांडत होतं. शेवटी बायकोने खालून हात लावून तो माझ्या ओठांशी धरला. त्याच रात्री मला फिट आली.

म्हणून आधी डॉक्टर. रोज किती पिता ते त्यांना खरं सांगा, कारण औषधाची मात्रा त्यावरून ठरते. व्हिटॅमिन बी-१ बद्दलही विचारा. पिणाऱ्यांच्या शरीरात ते बऱ्याचदा कमी असतं आणि फारच कमी झालं तर स्मरणशक्ती कायमची बिघडू शकते. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधं पुढे पुन्हा पिणं टाळायला मदत करतात. डायसल्फिराम घेतल्यावर प्यायलं तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते. घरच्यांनो, कितीही जीव तुटत असला तरी ते जेवणातून गुपचूप देऊ नका. माणूस त्यावर प्यायला तर जीवही जाऊ शकतो.

शरीर सावरलं की संध्याकाळ अंगावर येते. माझी प्यायची वेळ सहा ते नऊ. हे तीन तास रोज येणार आणि त्यात काय करायचं, हे मला ठाऊकच नव्हतं. समुपदेशक ताईंनी एक वही ठेवायला सांगितली. तलफ आली की वेळ लिहायची, गेली की पुन्हा वेळ लिहायची. वहीत पहिली नोंद होती: ‘६.१०, छातीत ओढ. ६.३२, गेली.’ तीन आठवड्यांनी पाहिलं, तर एकही तलफ अर्ध्या तासाच्या पुढे गेली नव्हती. शेजारी आणखी चार गोष्टी लिहायच्या: भूक, राग, एकटेपणा, थकवा. माझ्या बहुतेक नोंदींपुढे ‘भूक’ होतं. मग मी पाच वाजता पोटभर खायला लागलो आणि सहाची तलफ निम्म्यावर आली.

झोप बरेच आठवडे नीट लागत नाही. प्यायल्याची स्वप्नं पडतात, घाबरून जाग येते. हे पुष्कळांना होतं, त्याचा अर्थ तुम्ही घसरताय असा नाही. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा. महिनाभर दारू बंद असूनही उदासी हटत नसेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

घरी मी माफी मागत सुटलो होतो. बायको म्हणाली, “माफी नको. किती वाजता येणार ते सांग आणि त्या वेळेला ये.” ते मी दोन वर्षं पाळलं, तेव्हा कुठे तिने दारातच माझा वास घेणं सोडलं.

मी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगलाही जात होतो. १९३५ मध्ये एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलून सावरले आणि त्यातून ही संघटना उभी राहिली. तिथे मला एक मित्र मिळाला. सातव्या महिन्यात मी एका रात्री प्यायलो आणि त्याला फोन केला. आधीच्या चारही वेळा अशी रात्र मी लपवली होती. तो रागावला नाही. त्याने विचारलं, “जेवलास का?”

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तो डबा घेऊन आला, आणि ही अकरा वर्षं मी त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतो.