स्नोमोबिलचा खर्जाऐवजी फाटका आवाज: माझा अनुभव

अमेरिकेतील मिनेसोटात वापरत असलेल्या माझ्या टू-स्ट्रोक स्नोमोबिलला (बर्फावर चालणाऱ्या गाडीला) आवाज खर्जात जावा म्हणून मोठ्या डब्याचा सायलेन्सर बसवला, तरी थ्रॉटल देताच पत्रा फाटल्यासारखा आवाज येई आणि बॉनेटखाली धुराचा वास साचे. सायलेन्सरच्या आतले आवाज शोषणारे फायबरग्लास बदलले, बोल्ट आवळले. काहीच फरक पडेना, तेव्हा अगदी वैताग आला. शेवटी कळले, धुराची गळती एक्झॉस्ट पाइप आणि सायलेन्सरच्या सांध्यात होती. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सांधा धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा हुकने काढल्या, सांध्याची दोन्ही तोंडे काजळी जाईपर्यंत तारेच्या ब्रशने घासून ब्रेक क्लीनरने पुसली, उच्च तापमान सोसणाऱ्या सिलिकॉनचा पातळ थर लावून सांधा जुळवला, स्प्रिंगा पुन्हा चढवल्या आणि सिलिकॉन रात्रभर सुकू दिले. एक्स्पान्शन चेंबर (इंजिन आणि सायलेन्सरमधला फुगीर पाइप) मात्र कापू नये. टू-स्ट्रोकची ताकद बऱ्याच अंशी त्याच्या आकारावर अवलंबून असते. सायलेन्सरही ५० फुटांवर ७८ डेसिबलच्या मर्यादेत बसणाराच घ्यावा.