आजारी मांजर, थंडीतला उजेड आणि कॅमेरा : या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत नाशिकमध्ये सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सातपूर-अंबडकडे नोकरीला जाणाऱ्या माणसाला आपल्याच घरातला दिवसाचा उजेड रविवारखेरीज फारसा दिसत नाही. मांजर आजारी पडले की त्याचे फोटो साहजिकच रात्री, जेवणे आटोपल्यावर, दिवाणखान्यातल्या दिव्याखाली घेतले जातात आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवताना डोळा खरोखर लाल आहे की दिव्यामुळे तसा दिसतो आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. आजारी मांजराचा फोटो आठवणीसाठी असतो तसा नोंदीसाठीही असतो, आणि आजारपणाच्या दिवसांत नोंदीला पहिला मान द्यावा असे माझे मत आहे. हौशी छायाचित्रकाराच्या नेहमीच्या चुका एरवी फक्त चित्र बिघडवतात. इथे त्या माहितीही बिघडवतात.

पिवळ्या दिव्याखालच्या हिरड्या

सर्वांत महागात पडणारी चूक रंगाची आहे. निरोगी मांजराच्या हिरड्या गुलाबी असतात. त्या फिकट पडणे, पिवळसर होणे किंवा निळसर दिसणे या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना ताबडतोब कळायला हव्यात. पिवळसर प्रकाशाच्या एलईडी बल्बचे रंगतापमान (प्रकाश किती पिवळा की निळसर हे सांगणारे माप; आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर) साधारण 2700 ते 3000 केल्विन असते आणि पांढऱ्या ट्यूबचे 6500 केल्विनच्या आसपास असते. पहिल्या दिव्याखाली धडधाकट हिरडीही काविळीसारखी दिसू शकते आणि दुसऱ्याखाली रक्त कमी झाल्यासारखी. खिडकीतून उजेड येत असतानाच वरचा दिवाही लावला, तर मांजराची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी येते, आणि अशा मिश्र प्रकाशातला फोटो नंतर कोणत्याही ॲपने धड दुरुस्त होत नाही.

म्हणून दिवसा फोटो घेताना घरातले दिवे बंद करावेत, आणि रात्री घ्यावाच लागला तर एकाच प्रकारचा दिवा ठेवावा. मांजराच्या शेजारी, त्याच उजेडात, छपाईचा साधा पांढरा कागद ठेवावा. तो कागद फोटोत ज्या रंगाचा दिसेल, त्यावरून बाकीच्या रंगांत किती फरक पडला आहे याचा अंदाज येतो. थंडीत मांजर बहुधा गोधडीवर असते आणि लाल किंवा केशरी गोधडीचा रंग पांढऱ्या केसांवर उमटतो, म्हणून तपासणीच्या फोटोपुरते त्याच्याखाली करडे किंवा पांढरे फडके सारावे. तांबूस मांजरांच्या ओठांवर आणि हिरड्यांवर वयानुसार काळे ठिपके येतात. ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण आजारपणापूर्वीचा एखादा फोटो असेल तर तुलना सोपी जाते.

काविळीचा उल्लेख उगाच केलेला नाही. मांजराने खाणे सोडले, विशेषतः ते अंगाने जाड असेल, तर शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि काही दिवसांत यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. संपूर्ण दिवसभर मांजराने काहीच खाल्ले नसेल, तर फोटो चांगला येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. सर्दीने नाक बंद असलेल्या मांजराला वास येत नाही म्हणून ते खात नाही. अशा वेळी अन्न कोमट करून द्यावे, आणि तीच वाटी त्याच जागी ठेवून वरून दोन फोटो घ्यावेत, एक देताना आणि एक उचलताना. ‘थोडेसे खाल्ले’ या उत्तरापेक्षा ही जोडी डॉक्टरांच्या कितीतरी अधिक उपयोगी पडते.

खिडकी उघडण्याची घाई

नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम 47 अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरेच आतपर्यंत येते, आणि हौशी मंडळींना अशी संधी उन्हाळ्यात मिळत नाही. मात्र त्या उजेडाच्या मोहात मांजराला उचलून बाल्कनीत नेणे किंवा खिडकी सताड उघडणे चुकीचे आहे. इथला पारा थंडीत दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे तर आणखी खाली जातो, आणि तापातून उठलेल्या मांजराला ती झुळूक सोसवत नाही. सरकत्या खिडकीची डासांची जाळी बाजूला करावी आणि काच बंद ठेवावी. जाळी बराच प्रकाश अडवते आणि चित्र मळकट करते, स्वच्छ पुसलेली काच तसे फारसे करत नाही.

थेट उन्हात मात्र अर्धे तोंड पांढरेफटक आणि अर्धे काळे येते. काचेवर जुन्या मलमलीच्या धोतराचा किंवा पांढऱ्या ओढणीचा पडदा लावला की तोच उजेड मऊ होतो, आणि दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की सावलीतही केस दिसू लागतात. मांजराला हलवण्याऐवजी त्याचे अंथरूणच सकाळी खिडकीजवळ घालून ठेवावे. ऊब शोधत ते आपण होऊन तिथे येते. पलंगाखाली लपलेल्या आजारी मांजराला फोटोसाठी ओढून काढणे मला मुळीच मान्य नाही. ऊब म्हणून शेजारी हीटर, धूर करणारी शेकोटी किंवा डासांची कॉइल ठेवू नये, कारण श्वसनाच्या आजारात धुराने त्रास वाढतो. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पुरते. वाफ देण्यासाठी मांजराला न्हाणीघरात नेले असेल तर कॅमेरा बाहेरच राहू द्यावा; थंड भिंगावर वाफ लगेच धरते. थंडीत बॅटरी लवकर उतरते हा इशारा हिमालयात जाणाऱ्यांसाठी ठीक आहे, गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये त्याची चिंता नको.

फ्लॅश, टॉर्च आणि नाइट मोड

मांजराच्या डोळ्यांच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून फ्लॅशने डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि बुबुळावरचा व्रण, पाणी किंवा अर्धवट वर आलेली तिसरी पापणी (डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पातळ पडदा) त्या चकाकीत हरवते. शिवाय दुखणाईत प्राणी दचकतो तो वेगळाच. दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत की नाहीत हे पाहायचे असेल, तर समोरून येणारा एकसारखा मंद उजेडच हवा.

फोनचा नाइट मोड अनेक प्रतिमा एकत्र करून केस गुळगुळीत करतो, पोर्ट्रेट मोड मिशा आणि कानांच्या कडा पुसतो, सुशोभनाचे फिल्टर तर नाकाचा शेंबूडही झाकतात. नोंदीच्या फोटोसाठी हे सगळे बंद ठेवावे. कॅमेरा असेल तर मांजर निपचित पडले आहे म्हणून शटर फार मंद करू नये, कारण श्वासाने आणि थरथरीने चित्र हलते. खिडकीजवळ 1/125 सेकंद धरावे आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, 1600 किंवा 3200 पर्यंत निःशंक जाऊ द्यावा, त्याने चित्र दाणेदार झाले तरी चालेल. दाणेदार चित्र वाचता येते, हललेले येत नाही. रात्री दिव्याखाली पट्टे उमटत असतील तर 1/100 किंवा 1/50 करून पाहावे, कारण आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. काळे मांजर कॅमेरा करडे करू पाहतो आणि पांढरेही करडेच करतो. काळ्यासाठी एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) एक पायरी कमी आणि पांढऱ्यासाठी एक पायरी जास्त करावे.

श्वासाचा व्हिडिओ

काही गोष्टी स्थिर चित्रात येतच नाहीत. झोपलेल्या किंवा शांत पडलेल्या मांजराच्या छातीचा तीस सेकंदांचा व्हिडिओ, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून, बाजूने घ्यावा. छाती वर जाऊन खाली येणे हा एक श्वास धरून मोजावे आणि संख्या दुप्पट करावी. मिनिटाला तीसपेक्षा कमी श्वास अपेक्षित असतात; संख्या वारंवार त्यावर जात असेल तर डॉक्टरांना कळवावे. घुरघुरत असताना मोजणी फसते. तोंड उघडून श्वास घेणारे मांजर किंवा लघवीसाठी वारंवार जोर करूनही लघवी न होणारा बोका यांचे चित्रीकरण करत बसू नये, त्यांना तत्काळ दवाखान्यात न्यावे.

कान हाताला गरम लागले म्हणून ताप आला असे समजणे हीही सर्रास होणारी चूक आहे. मांजराचे सामान्य तापमान साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सियस, म्हणजे माणसापेक्षा अधिक असते. थर्मामीटरच्या आकड्याचाच फोटो ठेवावा, आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी कोणत्याही परिस्थितीत देऊ नये, कारण मांजराला ती प्राणघातक ठरते.

फोटो पाठवताना व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करते आणि बारकावे जातात. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर मूळ आकारात पोहोचते. प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ, कोणत्या उजेडात घेतले आणि त्याआधी कोणते औषध दिले एवढे लिहावे, आणि रोजचा फोटो शक्यतो त्याच खिडकीशी, त्याच वेळेला घ्यावा, म्हणजे डॉक्टरांना कालच्या आणि आजच्या डोळ्यात फरक दिसला तर तो उजेडाचा नसून मांजराचाच आहे हे त्यांना ठरवता येते.