आर्थर सिमन्स वाचायचाय? मग कवितांपासून सुरुवात करू नका

आर्थर सिमन्स म्हणजे इंग्रजीत लिहिणारा शंभरेक वर्षांपूर्वीचा कवी आणि टीकाकार. आधी त्याचं नाव नीट घेऊया. स्पेलिंग बघून आपण सायमन्स म्हणतो, मी पण कित्येक वर्षं तेच म्हणायचो, पण उच्चार सिमन्स असा आहे. दुसरं म्हणजे तो वेल्समध्ये जन्मला म्हणून त्याच्या लिखाणात वेल्स शोधत बसू नका, सापडणार नाही. वडील वेस्लियन मेथडिस्ट धर्मोपदेशक, आज या गावात तर काही वर्षांनी त्या गावात, आणि त्या फिरतीत २८ फेब्रुवारी १८६५ ला हे पोरगं मिलफर्ड हेवनला जन्मलं, बास. आईवडील मूळ कॉर्नवॉलचे आणि पठ्ठ्या स्वतः मनानं पूर्ण लंडन-पॅरिसचा.

आता माझी चूक सांगतो म्हणजे तुमची टळेल. मी थेट कविता काढल्या, सलग वाचत सुटलो, गॅसचे दिवे, नाचणाऱ्या पोरी, अत्तर, सिगारेट, परत नाचणाऱ्या पोरी, विसाव्या कवितेपर्यंत डोकं जड झालं आणि सहा महिने त्याच्याकडे फिरकलो नाही. चूक त्याची नव्हती, क्रम चुकला होता.

सुरुवात करा सरोजिनी नायडूंपासून. हो, आपल्या सरोजिनी नायडू. त्यांचा पहिला संग्रह 'द गोल्डन थ्रेशोल्ड' १९०५ मध्ये लंडनहून आला त्याची प्रस्तावना सिमन्सची आहे, आणि कविता छापा म्हणून त्यांच्या मागे लागलेलाही तोच. पंधरा-वीस मिनिटांत वाचून होते, नेटवर फुकट मिळते. त्यांचीच पत्रं मधेमधे घालून त्यानं माणूस उभा केलाय, सूर्यफूल सूर्याकडे वळतं तसे यांचे डोळे सौंदर्याकडे वळायचे असं काहीसं लिहितो. थोडा 'गूढ पूर्वेकडची बाई' असा सूर लागतो आणि तो आज खटकतोच, मला तरी खटकला. पण हा माणूस टीका कशी करतो ते इथेच कळतं, म्हणजे कवितेचं मोजमाप घेत नाही, कवीच्या शेजारी जाऊन बसतो.

ते झालं की मुख्य पुस्तक, 'द सिंबोलिस्ट मूव्हमेंट इन लिटरेचर', म्हणजे भावना थेट न सांगता प्रतीकांतून सुचवणाऱ्या फ्रेंच प्रतीकवादी लेखकांवरचे लेख. पहिल्या आवृत्तीवर साल १८९९ आहे, बाजारात आलं १९०० मध्ये. यातही पहिल्या पानापासून जाऊ नका. आधी फ्रेंच कवी वर्लेनवरचा लेख वाचा कारण तो त्याच्या ओळखीचा माणूस, १८९३ मध्ये वर्लेन व्याख्यानं द्यायला लंडनला आला तेव्हा टेम्पल भागातल्या फाउंटन कोर्टमध्ये सिमन्सच्याच घरी उतरला होता, ती जवळीक लेखात जाणवते. मग लाफोर्ग, मग मालार्मे, आणि नेर्व्हाल शेवटी ठेवा, हेही फ्रेंच कवीच. आवृत्ती घेताना मात्र बघून घ्या, १९१९ च्या आवृत्तीत बाल्झाक, झोला वगैरे कादंबरीकारांवरचे बरेच जुने लेख जोडलेत, त्यानं पुस्तक जाड झालं आणि मूळ धागा सैल पडला. जुनी मिळाली तर तीच घ्या.

पुस्तक आयरिश कवी येट्सला अर्पण केलंय आणि ते काही औपचारिकता म्हणून नाही. १८९५-९६ च्या सुमारास दोघं फाउंटन कोर्टमध्ये लागून लागून राहायचे, येट्सचं फ्रेंच यथातथाच, सिमन्स भाषांतरं करून वाचून दाखवायचा. १८९३ मध्ये हार्पर्स मासिकातल्या लेखात हाच सिमन्स या सगळ्या साहित्याला डेकडंट, म्हणजे ऱ्हासाचं, म्हणत होता, एक सुंदर आजार असल्यासारखं बोलत होता, आणि सहा-सात वर्षांत शब्दच बदलून सिंबोलिस्ट केला, आजाराचा जवळजवळ धर्म झाला. त्यात येट्सच्या गूढवादाचा हात आहे असं मला वाटतं. लेखक ऑस्कर वाइल्डला समलैंगिकतेवरून तुरुंगात पाठवणाऱ्या १८९५ च्या खटल्यानंतर तो जुना शब्द वापरायला जड झाला असणार ते वेगळंच. जमलं तर हे दोन्ही लेखन शेजारी ठेवून वाचा, मजा येते.

लाफोर्गवरचा लेख संपला की लगेच, त्याच बैठकीत, कवी टी. एस. एलियटची 'प्रुफ्रॉक' ही कविता उघडा. डिसेंबर १९०८ मध्ये हार्वर्डला शिकणाऱ्या एलियटच्या हाती हे पुस्तक लागलं, त्यानं लाफोर्ग मागवला आणि इंग्रजी कवितेचा आवाज फिरला. त्याच वेळी सिमन्स कुठे होता माहितीये? वेड्यांच्या इस्पितळात. त्याच शरद ऋतूत इटलीत त्याचं मन कोसळलं, फेरारामध्ये तर तुरुंगात टाकलं होतं. पुढे एलियटनं 'द सेक्रेड वुड' या लेखसंग्रहात सिमन्सच्या टीकेची चिरफाड केली, म्हणजे हा माणूस विश्लेषण करत नाही, स्वतःवर उमटलेले ठसेच लिहितो वगैरे. मुद्दा बरोबर आहे पण ज्या दारातून आत आलो त्यालाच लाथ, असंही वाटून जातं. अर्थात हे ऋण एलियटनं नंतर स्पष्ट मान्य केलं.

आता कविता. 'सिल्हुएट्स' (१८९२) आणि 'लंडन नाइट्स' (१८९५), हे दोनच संग्रह घ्या, आणि एका बैठकीत तीनपेक्षा जास्त कविता नाही. 'व्हाइट हेलिओट्रोप' (हे एका अत्तराचं नाव) पहिली घ्या. अस्ताव्यस्त खोली, खुर्चीवर पडलेले कपडे, अर्धवट उघडी कादंबरी, आणि पुढे कधीतरी तो वास आला की सगळं परत येणार. वर्लेनवरचा लेख वाचून आलात तर कळेल की भावना थेट न सांगता वस्तूंवर का टाकलीये. पहिल्या दर्जाचा कवी तो नाही असं माझं मत आहे, पण अशा पाच-सात कविता त्याच्याकडे नक्की आहेत.

'द सॅव्हॉय' मासिकाचे अंक ऑनलाइन दिसले तर शेवटचा चाळा. १८९६ मधले एकूण आठच अंक, आणि त्या आठव्यातला सगळा मजकूर एकट्या सिमन्सचा, चित्रं सगळी चित्रकार बियर्डस्लीची.

१९०८ नंतर तो १९४५ पर्यंत जगला आणि लिहीत राहिला, पण बरंचसं जुनंच फिरवून फिरवून, ते खुशाल सोडा. अपवाद एकच, 'कन्फेशन्स' (१९३०), स्वतःच्या वेडाची हकीकत. लहान पुस्तक आहे. फक्त रात्री झोपताना नका वाचू.